गोळी सुटताना सोबत कोण?

मनाच्या आजारावरची गोळी सुरू होते तेव्हा माणसाभोवती माणसे असतात. घरच्यांनी कित्येक रात्री जागून काढलेल्या असतात, देवाधर्माचे करून झालेले असते, कुणीतरी गाडी ठरवलेली असते आणि चंद्रपूरला किंवा थेट नागपूरला नेऊन डॉक्टरांसमोर बसवलेले असते. तीच गोळी सुटते तेव्हा बहुधा जवळ कुणी नसते. घरच्यांना ते कळलेले नसते, डॉक्टरांना तर नाहीच. आजार ओळखावा, लाज न बाळगता उपचार सुरू करावेत, हे मराठीत गेल्या तीन-चार दशकांत पुष्कळांनी तळमळीने सांगितले. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने सांगितले, पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने सांगितले, 2004 च्या ‘देवराई’ चित्रपटाने ते घराघरांत नेले. औषध कमी करण्याची किंवा थांबवण्याची वेळ येते तेव्हा काय होते, याबद्दल मात्र आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. हे पुस्तक त्या वेळेबद्दल आहे. औषध उतरवणे हा उपचाराचाच भाग आहे, तो एकट्याने रेटायचा नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत त्यासाठी लागणारी सोबत गावातच उभी करावी लागेल, असे माझे म्हणणे आहे. ती उभी करता येते याचा पुरावा दुसरीकडे शोधायला नको. याच दोन जिल्ह्यांत तो आहे.

औषध थांबवावे की नाही, हा प्रश्न इथे फार थोड्यांना सवडीने विचार करण्यासाठी मिळतो. बहुतेकांचे औषध आपोआपच थांबते. धानाची कामे आटोपली की माणसे टोळ्या करून मिरची तोडायला तेलंगणात जातात. बरोबर महिन्याच्या गोळ्या असतात आणि मुक्काम लांबत जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि रस्ता खुला असतो तेव्हाही तिथून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय गाठायचे म्हणजे एक दिवस मोडतो, मजुरी बुडते. विदर्भाचे जुने मनोरुग्णालय नागपूरला आहे, 1864 पासूनचे. चंद्रपूर शहरातूनही ते दीडशे किलोमीटरच्या आसपास. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात शिरावे लागते, रात्रीच्या गोळीची गुंगी तेव्हा पुरती उतरलेली नसते, आणि सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीच्या जंगलात पेंगुळल्या डोळ्यांनी पाने तोडणे म्हणजे वाघाच्या वाटेत वाकून उभे राहणे. मग हंगामापुरती गोळी बाजूला पडते. कुणाचे लग्न ठरते आणि सासरी गोळ्यांची पट्टी दिसू नये म्हणून औषध थांबते. कुणाचे वजन वाढते, कुणाची पाळी बिघडते, कुणाला वैवाहिक आयुष्यात अडचण येते आणि ती डॉक्टरांना सांगण्याचा संकोच वाटतो. कुणाला फक्त बरे वाटू लागलेले असते. यातले एकही कारण बेजबाबदारपणाचे नाही. रुग्णाला ‘औषध का सोडलेस’ म्हणून रागावण्याआधी हे मान्य करायला हवे, कारण रागावले की माणूस पुढच्या वेळी खरे सांगत नाही.

घरातले औषध कसे ठेवलेले असते तेही पाहण्यासारखे आहे. दुकानातून सुटी घेतलेली पट्टी कात्रीने कापलेली असते. नाव ज्या भागावर छापलेले होते तो भाग दुकानातच राहिलेला, हातात येतात सहा गोळ्या आणि नावाची दोन-तीन अक्षरे. केस पेपरची घडी पडून पडून शाई उडालेली, त्यावर शेवटचे वाक्य ‘रिपीट ऑल’. पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानातून गोळी घ्यायची तर रंग आणि आकार सांगून घ्यावी लागते. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या 2014 पासून औषधविक्रीच्या एच-1 अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्या द्यायच्या नाहीत आणि विक्रेत्याने त्यांची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम आहे. तरीही ‘झोपेची गोळी’ म्हणून त्या वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या घरांची कमी नाही. ज्याला आपण काय घेतो आहोत याचे नावही ठाऊक नाही, त्याला ते कसे सोडायचे हे कळणार कुठून? म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण उपचारांच्या तत्त्वांवर नाही. आपल्या गोळीचे नाव, तिची ताकद आणि ती कधीपासून सुरू आहे, हे एका कागदावर उतरवून घेण्यावर आहे.

रोज घेतलेल्या औषधाशी मेंदू जुळवून घेतो. महिने, वर्षे जातात तसा त्याचा कारभार औषध धरूनच चालू लागतो. औषध एकाएकी निघून गेले तर जुळवून घेतलेले सगळे काही काळ उघडे पडते, आणि त्या काळात जे होते ते शरीराला होते, मनाच्या दुबळेपणाने होत नाही. नैराश्याच्या औषधांबाबत हे आज कळलेले नाही. इमिप्रामिन या अगदी पहिल्या औषधांपैकी एकाबद्दल डॉक्टरांनी 1959 मध्येच तशा नोंदी केल्या होत्या. चक्कर, मळमळ, घाम, रात्री भयंकर स्पष्ट स्वप्ने, कारण नसताना रडू, मान वळवली की डोक्यातून वीज गेल्यासारखा झटका, ही त्यांची ओळख. कोणते औषध शरीरातून किती लवकर उतरते त्यावर पुष्कळ अवलंबून असते. पॅरोक्सेटिन दिवसाभरात निम्मे होते, व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच, तर फ्लुओक्सेटिनपासून शरीरात तयार होणारा घटक एक-दोन आठवडे रेंगाळतो. म्हणून दोन दिवस गोळी चुकली तर एकाला काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याला उठून बसवत नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम बराच काळ घेऊन एकदम बंद केले तर फिट येऊ शकते, क्वचित जीवही जाऊ शकतो. लिथियम अचानक थांबवले तर उन्मादाचा झटका पूर्वीपेक्षा लवकर आणि जोरात उलटण्याचा धोका असतो. क्लोझापिन एकदम सोडले तर भास-संभ्रम झपाट्याने परततात. तेव्हा ‘मानसिक आजाराची औषधे’ असा एकच गठ्ठा करून बोलणे चुकीचे ठरेल. प्रत्येक गटाला उतरण्याची स्वतःची चाल आहे.

सर्वांत जास्त नुकसान एका गल्लतीने होते. गोळी सुटली, चौथ्या दिवशी माणूस तळमळू लागला, झोप गेली, चिडचिड वाढली. घरचे म्हणतात, ‘बघा, आजार उलटला.’ डॉक्टरही घाईत तेच म्हणतात, आणि आता जन्मभर गोळी चुकवायची नाही असे ठरते. खरे पाहता तो कित्येकदा औषध सुटल्याचा त्रास असतो. याच्या उलटही घडते. आजार खरोखर परतत असतो आणि ‘गोळीचाच त्रास आहे, निघून जाईल’ म्हणत आठवडे वाया जातात. दोन्हींत फरक करणे कठीण आहे, पण अशक्य नाही. सुटल्याचा त्रास बहुधा डोस कमी केल्यावर थोड्या दिवसांत सुरू होतो, त्यात आजारात पूर्वी कधी नसलेल्या गोष्टी येतात, डोक्यातल्या झटक्यांसारख्या, आणि डोस परत वाढवला की तो लवकर शमतो. आजार परततो तो सहसा आठवडे-महिने घेऊन आणि आपल्या जुन्या चेहऱ्याने परततो: तेच संशय, तेच आवाज, तीच भल्या पहाटेची जाग. याला अपवाद आहेत. पण हा फरक ओळखायला माणसाचा आधीचा चेहरा पाहिलेला कुणीतरी लागतो. पहिल्या आजारात त्याची पहिली खूण कोणती होती? जेवण तुटले होते की तो शेतात एकटाच बोलू लागला होता? महिन्यातून एकदा पाच मिनिटे भेटणाऱ्या डॉक्टरांपेक्षा हे बायकोला, भावाला, शेजारणीला चांगले ठाऊक असते. सोबतीची गरज मी आधी इथे मांडतो, धीर देण्यापाशी नाही. सोबतीशिवाय निदानच नीट होत नाही.

आता पुराव्याकडे येतो, आणि जो पुरावा माझ्या म्हणण्याला अडचणीचा आहे त्यापासूनच सुरुवात करतो. नैराश्याची औषधे थांबवणाऱ्या किती जणांना त्रास होतो याचे आकडे बरीच वर्षे वादात आहेत. 2019 मधल्या एका आढाव्यात ते प्रमाण सरासरी 56 टक्के निघाले. 2024 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या मोठ्या विश्लेषणात ते 31 टक्के होते, पण नुसत्या साखरेच्या गोळ्या थांबवणाऱ्यांतही 17 टक्क्यांनी त्रास सांगितला, म्हणजे औषधाच्या नावावर टाकता येईल असा त्रास साधारण सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना. यातल्या पुष्कळ अभ्यासांत माणसे थोडेच आठवडे औषध घेत होती, हा या विश्लेषणावरचा रास्त आक्षेप आहे. तरीही बहुसंख्य लोक फारशा हालांशिवाय औषध उतरवू शकतात, ही बातमी आशेची आहे आणि ती दडवू नये. आजार परतण्याचा धोका मात्र खरा आहे. इंग्लंडमध्ये 478 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँटलर चाचणीत औषध थांबवलेल्यांपैकी 56 टक्क्यांना वर्षभरात नैराश्याने पुन्हा गाठले. चालू ठेवलेल्यांत 39 टक्क्यांना. स्किझोफ्रेनियात हे अंतर आणखी मोठे आहे. 2012 च्या एका व्यापक आढाव्यात औषध घेणाऱ्यांत वर्षभरात 27 टक्के, तर न घेणाऱ्यांत 64 टक्के पुन्हा आजारी पडले. भास-संभ्रमाची औषधे हळूहळू कमी करून पाहणारी रडार नावाची चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली; दोन वर्षांनी त्या माणसांचे रोजचे जगणे सुधारलेले दिसले नाही आणि आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. हे वाचून कुणी म्हणेल, मग हा विषय काढताच कशाला?

काढतो तो एका वेगळ्या चाचणीमुळे. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट चाचणीत पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्या 424 जणांचे दोन गट केले होते. एका गटाने औषध चालू ठेवले. दुसऱ्याने आठ आठवडे गटात बसून सजगतेचे प्रशिक्षण घेतले आणि त्या आधाराने औषध उतरवले. दोन वर्षांत पहिल्या गटात 47 टक्के, दुसऱ्यात 44 टक्के लोकांना आजार परतला. म्हणजे जवळपास सारखेच. अँटलर आणि प्रिव्हेंटमधले रुग्ण वेगळे, पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकड्याला आकडा लावून हिशेब करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण दोन्ही शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जिथे औषध काढले आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही, तिथे माणसे अधिक कोसळली. जिथे काढताना हाताशी माणसे आणि काही कौशल्य दिले, तिथे ती औषधावर राहिलेल्यांइतकीच टिकली. पूर्वीच्या तपशीलवार कामातही हेच दिसते. हेदर अॅश्टन या डॉक्टरांनी 1982 पासून बारा वर्षे न्यूकॅसलला झोपेच्या गोळ्या सोडवण्याचे खास क्लिनिक चालवले. त्यांच्या पुस्तिकेत रासायनिक हिशेब जितका आहे तितकाच जोर रुग्णाच्या हाती वेग सोपवण्यावर आणि त्याच्याजवळ समजूतदार माणूस असण्यावर आहे.

वेगाची गोष्ट नीट समजावी म्हणून एक हिशेब देतो. सिटालोप्राम या औषधाच्या 20 मिलिग्रॅमच्या डोसने मेंदूतील सिरोटोनिन परत शोषणाऱ्या जागा जवळजवळ 80 टक्के भरतात. डोस 9 मिलिग्रॅमवर आणला, म्हणजे निम्म्याहून खाली, तरी त्या 70 टक्के भरलेल्याच असतात. 5.4 वर 60 टक्के. आणि त्या 20 टक्क्यांवर आणायच्या तर डोस एक मिलिग्रॅमच्याही खाली न्यावा लागतो. 2019 मध्ये होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी हे मांडले तेव्हा रुग्ण वर्षानुवर्षे सांगत होते ते एकदम सुसंगत दिसू लागले: निम्मी गोळी करताना काही झाले नाही, शेवटची अर्धी सोडली आणि सगळे कोसळले. विहिरीत उतरताना वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि तळाची पायरी पुरुषभर, अशी ही उतरण आहे. म्हणून डोस ठरावीक मिलिग्रॅमने कमी करत जाण्याऐवजी प्रत्येक वेळी उरलेल्या डोसाचा एक लहान हिस्सा कमी करावा आणि खाली येऊ तसे पाऊल आणखी लहान करावे, असा सल्ला आता दिला जातो. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनी 2022 मध्ये तो स्वीकारला, नेदरलँड्समध्ये त्यासाठी दररोज थोडी थोडी कमी ताकद असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्याच मिळतात. आपल्याकडे बाजारात एस्सिटालोप्रामची 5 मिलिग्रॅमची, क्लोनाझेपामची पाव मिलिग्रॅमची गोळी मिळते. त्याखाली उतरायचे तर ब्लेडने चौथाई करावी लागते आणि ती कधीच सारखी होत नाही. जिल्हा रुग्णालयातून एकाच ताकदीची गोळी मिळत असेल तर तेवढेही जमत नाही. हा अडसर मोठा आहे, पण तो पुरवठ्याचा आहे. लहान ताकदीच्या गोळ्या किंवा पातळ औषध यादीत घालण्याने तो सुटू शकतो, आणि ती मागणी इथल्या लोकांनी करायला हवी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत मोफत आणि कायम मिळण्याचा हक्क दिलेला आहे. तो हक्क अखंड पुरवठ्याचा जितका, तितकाच मला तो सावकाश उतरण्याचाही वाटतो.

आता सोबतीकडे. इतके तपशिलाचे काम गावात कोण करणार, असे विचारले जाईल. इथे या जिल्ह्यांचा इतिहास उत्तर देतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीतल्या 39 गावांत थोडे शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळाचे वजन घ्यायचे, श्वास मोजायचा, जंतुदोष ओळखायचा आणि वेळ पडली तर इंजेक्शन द्यायचे, हे त्या करू लागल्या. डिसेंबर 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटलेला होता. जंतुदोष झालेले बाळ ओळखणे ज्या बाईला शिकवता आले, तिला ‘रात्री झोप किती, हात थरथरतात का, जुनी खूण दिसते का’ हे तीन प्रश्न आठवड्याला विचारून वहीत टिपणे शिकवता येणार नाही, असे कुणी म्हणू नये. मानसिक आरोग्यातही हे करून पाहिलेले आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांची घरपोच साथ देऊन पाहिली, तिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले; फायदा माफक होता, पण होता. गोव्यातील, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या आणि त्यांतील 64 टक्के सावरले, नेहमीच्या उपचारांत 39 टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने असेच काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. औषध उतरवताना गावपातळीवरची साथ किती उपयोगी पडते याची स्वतंत्र चाचणी आपल्याकडे व्हायला हवी, आणि ती करण्याला गडचिरोलीइतकी तयार भूमी मला दुसरी दिसत नाही.

दुसरी शिदोरी दारूमुक्तीची आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती, आणि तिच्या गुणदोषांवर वाद चालूच राहील. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते बायांच्या चळवळीने आणि पुढे 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाने गावोगाव केलेले काम: गावाची संघटना, तालुक्याला उपचाराचे क्लिनिक, सुटणाऱ्याच्या मागे उभे राहणारे शेजारी. दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, भास होतात, फिट येते, हे इथल्या गावांनी पाहिले आहे. त्यावर डॉक्टर वर सांगितलेल्या झोपेच्या-घबराटीच्या गटातल्या गोळ्या देऊन त्या थोड्या दिवसांत पायरीपायरीने कमी करतात, हेही पाहिले आहे. म्हणजे एकदम तोडणे घातक आणि उतरवणे सुरक्षित, ही समज गावात रुजलेली आहे. ती गोळ्यांना लावायची आहे. पण यावर एक आक्षेप येतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे: औषधाला व्यसनाच्या रांगेत बसवू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी नियमाने घेणाऱ्या माणसाने काहीही वावगे केलेले नसते. तो गोळीसाठी हपापलेला नसतो, घर विकत नसतो. त्याच्या शरीराला औषधाची सवय झालेली असते, इतकेच. त्याला व्यसनमुक्तीच्या बैठकीत नेऊन बसवले तर त्याचा अपमान होईल आणि सासरच्यांना बोलायला एक विषय मिळेल. तेव्हा दारूमुक्तीकडून माणसे जोडण्याची रीत घ्यायची, तिची भाषा आणि शपथा घ्यायच्या नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले की निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जिथे गोळी सुरू होण्याचीच मारामार, तिथे ती सोडण्याच्या गोष्टी करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे नियम सांगण्यासारखे नाही का? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणारे डॉक्टर बहुधा या जिल्ह्यांत राबणारेच असतात. माझे उत्तर असे की इथे उपचार टाळणारे पुष्कळ लोक नेमक्या याच भीतीने टाळतात: ‘एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही.’ ही समजूत गायत्याकडे, बाबाकडे, बिनपदवीच्या डॉक्टरकडे माणसे पाठवते. ‘गरज असेपर्यंत घ्या, मग सुटू शकते का ते आपण मिळून पाहू, आणि उतरताना तुम्हाला एकटे सोडणार नाही,’ असे पहिल्याच भेटीत सांगितले तर सुरुवात सोपी होते. काहींना, विशेषतः स्किझोफ्रेनिया वा तीव्र द्विध्रुवी आजार असलेल्यांना, औषध दीर्घकाळ किंवा कायम लागेल, हे त्याच श्वासात आणि तितक्याच आदराने सांगता येते. औषध न सोडण्याचा विचारपूर्वक निर्णय हादेखील चांगल्या सोबतीचा चांगला परिणाम आहे. या पुस्तकात त्याला हार मानलेले नाही.

त्रासाबद्दल आधी सांगितले तर लोक घाबरतील, नसलेला त्रासही जाणवू लागेल, असेही म्हटले जाते. साखरेच्या गोळ्यांवरचे ते 17 टक्के या म्हणण्याला थोडा आधार देतात. पण न सांगण्याची किंमत अधिक आहे. डोक्यात झटका बसल्यासारखे झाले आणि ते काय आहे हे ठाऊक नसले तर माणूस त्याला लकवा समजतो, करणी समजतो, किंवा आता आपण कायमचे गेलो असे समजतो. शिवाय मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 22 व्या कलमाने औषधाचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क रुग्णाला दिलाच आहे. गावात गुपित राहत नाही, हा शेवटचा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. आशाताई नात्यातली असते, आरोग्यदूताचे घर समोर असते. यावर उपाय एकच दिसतो: सोबती रुग्णाने निवडायचा, संस्थेने नेमायचा नाही. कायद्यातही आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याची आणि आजार बळावला तर काय करावे, काय करू नये हे आधी लिहून ठेवण्याची सोय आहे. कुणाला गावाबाहेरची मावशी जवळची वाटेल, कुणाला आश्रमशाळेतले जुने गुरुजी. आणि रात्री-अपरात्री गावात कुणाशीच बोलवत नसेल तर ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेलिमानसची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, मराठीत बोलता येते. फक्त मोबाइलला रेंज लागते, आणि एटापल्ली-भामरागडच्या कित्येक पाड्यांत ती मिळवायला टेकडी चढावी लागते.

आशेबद्दल बोलताना मी तिला त्रासाच्या स्वरूपाशी बांधून ठेवू इच्छितो, नाहीतर ती नुसता धीर देण्याची रीत होते. सुटण्याचा त्रास लाटांनी येतो. चार दिवस बरे जातात, पाचवा दिवस जाता जात नाही, आणि त्या पाचव्या दिवशी आधीचे चार खोटे वाटू लागतात. तेव्हा वहीतले चार दिवस कुणीतरी वाचून दाखवावे लागतात. पाऊल मागे घेऊन आधीच्या डोसावर परतणे म्हणजे सगळे वाया गेले असे नाही, हे ठामपणे सांगणारे कुणी लागते. कित्येकांना दोनदा थांबून, सहा महिन्यांऐवजी दोन वर्षे घेऊन जमते. हंगाम पाहून सुरुवात करावी लागते. तेंदूच्या, रोवणीच्या किंवा मिरचीच्या दिवसांत डोसाला हात लावू नये, घरात मयत वा लग्न असताना लावू नये. झोप जाते तेव्हा मोहाची दारू हाताशी असते आणि ‘आजच्यापुरती’ म्हणत ती गोळीची जागा घेते, याकडे घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे, आवाज ऐकू येणे, सलग दोन रात्री अजिबात झोप नसणे किंवा फिट येणे, यांपैकी काहीही दिसले तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

या पुस्तकाच्या कक्षेबाहेर काय आहे तेही सांगायला हवे. मिरगीच्या गोळ्या पुष्कळदा मनाच्या औषधांच्याच खिडकीवरून मिळतात आणि त्यांच्याच पिशवीत पडतात. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट यांना इथला कोणताही वेळेचा तक्ता लावू नये. लहान मुलांची औषधे वेगळा विषय आहेत. गरोदर बाईने पोटुशी असल्याचे कळताच भीतीने गोळी बंद करू नये, व्हॅल्प्रोएट घेत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे, कारण ते बाळाला अपाय करू शकते आणि बदलही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. लिथियम घेणाऱ्यांसाठी चंद्रपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र धोका आहे: पारा 45-46 च्या पुढे जातो, घामाने पाणी आणि मीठ निघून जाते आणि रक्तातले लिथियम वाढते. हात मोठ्याने थरथरणे, तोल जाणे, जुलाब, बोबडी वळणे ही त्याची लक्षणे गोळी सुटल्याच्या त्रासासारखी भासू शकतात, पण त्यावरचा उपाय अगदी निराळा आहे. पुढची गोळी न घेता, पाणी पीत, रक्तातली पातळी तपासण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचायचे असते. लिथियमबद्दलची ही सूचना प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला चौकटीत पुन्हा दिली आहे, कारण पुस्तक कुणी पहिल्या पानापासून वाचेलच असे नाही.